लक्झेंबर्गचे शेवाळे सर

राष्ट्राची खरी ओळख विजयात नाही, पराभवात पटते. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एस.टी.च्या मागच्या बाकावर, सांगलीहून परत येताना. बोलणारे होते आमच्या हायस्कुलाचे ड्रिलमास्तर शेवाळे सर. ऐकणारे होते शाळेच्या फुटबॉल संघातले अकरा मुलगे, एक राखीव आणि मी. त्या दुपारी सांगलीत आमची ओळख आठ वेळा पटली होती. समोरच्यांची एकदाही पटली नव्हती.

मी त्या जूनमध्येच इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो होतो. मुलं गावाबाहेर न्यायची तर दोन शिक्षक हवेत असा मुख्याध्यापकांचा नियम, म्हणून मला पाठवलेलं. कोणत्या राष्ट्राबद्दल चाललंय असं मी विचारलं.

"लक्झेंबर्ग," सर म्हणाले. "तुमी इंग्रजी शिकवता न्हवं मास्तर? मग ठावं पायजे."

मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन नकाशा काढला. देश सापडला, पण त्याचं नाव त्याच्यात मावत नव्हतं. ते शेजारच्या देशात सुरू होऊन दुसऱ्या शेजाऱ्याकडे संपत होतं. दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं.

"त्येच तर म्हनतोय," ते म्हणाले. "आपल्या सांगली जिल्ह्यात असले तीन देश बसत्यात. नाव मावत न्हाई, पर टीम हाय."

आमचं गाव कराडहून इस्लामपूरकडे जाताना लागतं. जिल्ह्याचं नाव दक्षिण साताऱ्याचं सांगली होऊन फार दिवस झाले नव्हते. गावात ऊस होता, दोन तालमी होत्या, आणि घरटी एक माणूस फौजेत होता. फुटबॉल नव्हता. तो शेवाळे सरांनी आणला. पलटणीत असताना ते खेळायला शिकले, आणि पेन्शनीत येताना लोक ट्रंक आणतात तसा हा खेळ बरोबर घेऊन आले. अंगाने सडसडीत, उन्हात वाळवल्यासारखे. खाकी हाफ पँट, तिला इस्त्रीची अशी धार की मुलं म्हणत, सर बसले तर बाक कापेल. पायांत कॅनव्हासचे बूट, त्यांना दर शनिवारी खडूचा लेप. शिट्टी कायम गळ्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. चहा मात्र बशीत ओतून, डोळे मिटून पीत. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

"हरायचं तर रांगेत हरा," हे त्यांचं लाडकं वाक्य. सामना संपला की मुलांना उंचीप्रमाणे उभं करत, जिंकलेल्या संघाला सलामी देववत आणि मगच पाणी प्यायला सोडत. समोरचे मास्तर गोंधळून जात. आपण खरंच जिंकलो का, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर मी अनेकदा पाहिली आहे.

आमच्या मुलांची अडचण अशी की ती सगळी तालमीतली. एकदा कराडची एक शाळा आमच्या ग्राउंडवर खेळायला आली, तेव्हा पहिल्यांदाच गाव बघायला लोटलं. कराडचा एक चपळ मुलगा बॉल घेऊन गोलाकडे निघाला. आमचा बॅक तुकाराम त्याच्यासमोर आला, बॉलकडे न बघता त्याने त्या मुलाला ढाक लावली आणि चारी मुंड्या चीत केला. गाव उभं राहिलं. हलगी वाजली. फेटे उडाले. कुणीतरी तुकारामाला खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघालीही. आम्ही त्या वेळी पाच-शून्यने मागे होतो. पंच शिट्टी फुंकून दमला. शेवाळे सर मिरवणुकीमागे धावत होते.

"आवं खाली ठिवा त्याला, म्याच चालू हाय."

"आता कसली म्याच, सर? पाठ लागली की त्येची."

त्या दिवशी आम्ही सहा-शून्यने हरलो, आणि गावात अजून काही म्हातारे तो दिवस आमचा सर्वांत मोठा विजय म्हणून सांगतात.

लक्झेंबर्गची भानगड कोयनेला सुरू झाली. पलटणीतून सुटल्यावर आणि शाळेत लागण्याआधी सर धरणाच्या कामावर टाइमकीपर होते. तिथे यंत्रं बसवायला परदेशातून काही फिटर आले होते. त्यांतला एक उतारवयाचा निक नावाचा. मजूर त्याला निकबा म्हणत. तरुणपणी तो लक्झेंबर्गकडून फुटबॉलचा एक सामना खेळला होता. एकच. तो ते हरले. सरांची पलटणीतली इंग्रजी आणि निकबाची कोयनेत उचललेली मराठी यांच्या जोरावर त्याने तो सामना सरांना अकरा संध्याकाळ सांगितला.

"जिंकल्याली म्याच एका वाक्यात संपती," सर म्हणत. "हरल्याली सांगाय येळ लागतो. म्हनून तर दोस्ती झाली."

निकबा मायदेशी गेला, पण पत्रं येत राहिली. सरांनी एक वही केली. तीत लक्झेंबर्गच्या संघाचा पहिल्यापासूनचा इतिहास होता. एकोणीसशे अकरा, पहिला सामना, फ्रान्सकडून चार-एकने हार. एकोणीसशे चौदा, त्याच फ्रान्सवर पाच-चारने विजय. मग हार, हार, बरोबरी, हार, अशी पानंच्या पानं. एकसष्ट साली पोर्तुगालला चार-दोनने हरवलं, ते पान सरांनी लाल शाईने लिहिलं होतं. पावसाळ्यात ड्रिलचा तास वर्गात घ्यावा लागे, तेव्हा ही वही निघायची. आठवीच्या मुलांना पेशव्यांचा क्रम येत नसे, पण लक्झेंबर्गचा येई.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. शिक्षण खात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले. त्यांनी आठवीत विचारलं, "एकोणीसशे चौदा साली युरोपात काय झालं?"

तुकारामाचा धाकटा भाऊ उभा राहिला. "लक्झेंबर्गनं फ्रान्सला पाच-चारनं हरवलं, सायेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बरं. आणि त्यानंतर?"

"त्यानंतर लय वर्सं म्याच झाली न्हाई."

"का झाली नाही?"

"महायुद्ध लागलं जी."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: 'कार्यकारणभाव समजावून द्यावा.' शेवाळे सरांना हा शेरा आवडला. पोराने एकही गोष्ट चुकीची सांगितली नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोडणं मला आजही जमत नाही.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. साठ एकर ऊस, भरघोस मिशा, आणि दगडावर स्वतःचं नाव कोरलेलं पाहण्याची अनावर हौस. पाण्याची टाकी, धर्मशाळा, बसथांबा, सगळीकडे त्यांच्या कोनशिला होत्या. इमारती सगळीकडे होत्या असं नाही. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या ग्राउंडवर सभागृहाची कोनशिला बसवली. उत्तरेच्या बाजूला कमरेएवढा चौथरा बांधला, त्यावर काळा दगड, दगडावर नाव. विटांचे ढीगही येऊन पडले.

शाळेला ते एकच ग्राउंड. ते गेलं की फुटबॉल गेला. सर मला घेऊन अण्णासाहेबांच्या वाड्यावर गेले. बहुधा साक्षीदार म्हणून.

"आवं अण्णा, सभागृह झालं तर पोरं खेळत्याल कुठं?"

"सभागृहात खेळत्याल की."

"फुटबॉल?"

"सर, तुमची टीम किती सालं हरतीया?"

"पाच."

"मग ग्राउंड कशाला पायजे? हरायला जागा किती लागती?"

"हरायला बी शंभर यार्ड लागत्यात, अण्णा," सर शांतपणे म्हणाले. "नियमच हाय तसा."

अण्णासाहेब मनमुराद हसले. हसल्यावर माणूस उदार होतो, त्याप्रमाणे त्यांनी एक अट घातली. "गुढीपाडव्यापतूर एक म्याच जिंकून दावा. एकच. न्हाईतर पाडव्याला कुदळ मारणार."

त्या पावसाळ्यात सरांनी मुलांना असं पळवलं की दोघांच्या आयांनी शाळेत येऊन भांडण केलं. तालमीच्या वस्तादांना भेटून सगळे डाव स्पर्धा संपेपर्यंत बंद ठेवायला लावले. ऑक्टोबरात जिल्ह्याची स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्याच फेरीत नशीब उघडलं. समोरच्या शाळेची एस.टी. वाटेत पेठ गावाजवळ बंद पडली. ठरल्या वेळी मैदानावर आम्हीच होतो. पंचांनी अर्धा तास वाट पाहिली, शिट्टी वाजवली आणि आम्हाला विजयी म्हणून जाहीर केलं.

मुख्याध्यापक त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांनी हात चोळले. "सुटलो. अण्णासाहेबांना कळवतो, जिंकलो म्हणून."

"कुनाला हरवलं म्हनून कळवताय?" सरांनी विचारलं.

"अहो, ते आलेच नाहीत."

"आलं न्हाईत त्यास्नी हरवायचं कसं? उद्या आपन जर्मनीला गेलो न्हाई, तर जर्मनी काय नाचंल व्हय?"

सर मैदानातून हलले नाहीत. मुलंही हलेनात, कारण सर हलल्याशिवाय हलायचं नाही ही सवय. अडीच तासांनी समोरचा संघ धुळीने माखून आला. सरांनी पंचांच्या हातापाया पडून सामना खेळायला लावला. आम्ही चार-शून्यने हरलो. सलामी दिली.

परतताना तुकाराम न राहवून बोलला. "सर, जिंकलो हुतो की आपन."

"जिंकलो न्हवतो रं. नुसतं उभं हुतो."

मुख्याध्यापक चार दिवस सरांशी बोलले नाहीत. सर रोज सकाळी विटांच्या ढिगाला वळसा घालून ड्रिल घेत. त्या दिवसांत ते चहा पिताना डोळे उघडे ठेवत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

नोव्हेंबरात निकबाचं पत्र आलं, सोबत वर्तमानपत्राचं कात्रण. युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत लक्झेंबर्गची गाठ हॉलंडशी पडली होती. दोन्ही सामने हॉलंडमध्येच. पहिला एक-एक बरोबरीत सुटला. दुसऱ्यात लक्झेंबर्गने हॉलंडला दोन-एकने हरवलं. सरांनी पत्र शिक्षकांच्या खोलीत उभ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावरही बराच वेळ उभेच राहिले. मग गेले चुलतभावाच्या गुऱ्हाळावर, आणि डोक्यावर गुळाची ढेप घेऊन आले. चारशे मुलांना गूळ वाटला. कशाबद्दल, हे निम्म्यांना कळलं नाही. गूळ गरम होता, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही.

संध्याकाळी आम्ही पुन्हा वाड्यावर.

"अण्णा, म्याच जिंकली."

"कवा? कुनी?"

"लक्झेंबर्गनं. हॉलंडात जाऊन, हॉलंडला."

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सर बरे आहेत ना, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. "ह्ये कुठं आलं? बेळगावच्या अल्याड का पल्याड?"

"लय पल्याड. आपल्या वहीतली टीम हाय, अण्णा. पोरं पाच सालं तिचा इतिहास पाठ करत्यात. ती जिंकली म्हंजी आपलंच कोनतरी जिंकलं."

"आन् ती समोरची न्हाई आली तवा जिंकला हुता, त्यो इजय नगं म्हनला तुमी."

"त्यात म्याच झाली न्हवती. ह्यात झालीया."

"मग त्यास्नी द्या ग्राउंड."

"त्येच म्हनतोय," सर म्हणाले. "त्यांचा सत्कार करू आपन. ग्राउंडवर."

अण्णासाहेबांचा हात मिशीवर गेला. आमच्या तालुक्यात सत्कार या शब्दाचा परिणाम ज्यांनी पाहिलाय त्यांनाच हे कळेल. मॅट्रिक झालेला, बदली झालेला, बदली रद्द झालेला, अशा प्रत्येकाचा सत्कार अण्णासाहेबांनी केला होता. आता माणसं संपत आली होती. आणि इथे एक अख्खा देश शिल्लक होता.

हे सरांनी ओळखून केलं की सहज तोंडून गेलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. परत येताना मी विचारलं. ते म्हणाले, "जिंकल्याल्यांचा सत्कार करायचा न्हाई तर काय करायचं मास्तर?"

मांडव घालेपर्यंत जानेवारी उजाडला. तोवर लक्झेंबर्गची डेन्मार्कशी गाठ पडून गेली होती. तीन-तीन, दोन-दोन, आणि तिसऱ्या सामन्यात एक-शून्यने हार. अण्णासाहेबांना कुणीतरी ते सांगितलं. "आवं सर, हरली म्हनं तुमची टीम." सर म्हणाले, "हरली. पर डेन्मार्कला तीनदा खेळाय लावलं. हॉलंडला दोनदाच लागलं हुतं." या हिशेबाने हार मोठी की विजय, हे कुणाला कळलं नाही, आणि कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला.

कात्रणातला संघाचा फोटो पुठ्ठ्यावर डकवून व्यासपीठावर खुर्चीत ठेवला होता. अण्णासाहेबांनी त्याला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, समोर नारळ ठेवला आणि मागे होऊन हात जोडले. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि शेजारच्याला विचारलं, "समदीच एकदम गेली व्हय? कशानं?"

मागे बायकांनी पदर डोळ्यांना लावायला सुरुवात केली. शेवाळे सर दोन ढांगांत वर चढले, फोटोवरचा हार काढून शेजारी ठेवलेल्या फुटबॉलला घातला आणि शिट्टी वाजवली. "जित्ती हायती समदी," त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्या कार्यक्रमात मनापासून पडलेल्या टाळ्या तेवढ्याच.

मग नारळ आणि एक कोल्हापुरी फेटा निकबाच्या पत्त्यावर बोटीच्या टपालाने पाठवायचं ठरलं. इस्लामपूरच्या पोस्टात पोस्टमास्तरांनी मला अर्ज भरायला दिला. वस्तूचे नाव, उपयोग. 'नारळ' लिहिलं. उपयोग म्हणून काय लिहावं? खावा तर सत्कार नाही, ठेवावा तर कुजेल. सर म्हणाले, "मान, असं लिवा." मी तसं इंग्रजीत लिहिलं. पोस्टमास्तरांनी शिक्का मारला. बहुधा त्यांचाही कधीतरी सत्कार झाला असावा.

अण्णासाहेबांनी पाडव्याला कुदळ मारली नाही. पाहुण्यांचं उत्तर येऊ दे, म्हणाले. एप्रिल गेला, मे गेला. विटांवर गवत उगवलं. सर रोज टपालवाल्याला वाटेत गाठत आणि काहीच विचारत नसत, नुसते त्याच्याबरोबर शाळेपर्यंत चालत येत.

उत्तर जूनमध्ये आलं. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे, अण्णासाहेबांच्या उपस्थितीत, मी ते मराठीत वाचून दाखवलं. निकबाने लिहिलं होतं की त्याच्या गावच्या क्लबातल्या सगळ्या जुन्या खेळाडूंनी तो फेटा आळीपाळीने घातला. नारळ खायचा की पुजायचा यावर दोन बैठका झाल्या, निर्णय झाला नाही. सध्या तो क्लबाच्या कपाटात बक्षिसांशेजारी ठेवला आहे. कपाटात बक्षिसं दोनच आहेत, त्यामुळे तो उठून दिसतो. शेवटी लिहिलं होतं: आमच्या देशाचा संघ कधी हिंदुस्थानात आलाच, तर एक सामना तुमच्या मैदानावर खेळावा असं मी त्यांना सांगेन.

अण्णासाहेब उभे राहिले. आवाज सभेचा लावला. "बंधू-भगिनींनो, लक्झेंबर्ग देशाची टीम आपल्या गावात खेळायला येणार आहे." मग मुख्याध्यापकांकडे वळून साध्या आवाजात म्हणाले, "ग्राउंडला हात लावायचा न्हाई. उद्या टीम आली तर काय सभागृहात खेळवायची?"

मी सरांकडे पाहिलं. ते समोर ताठ पाहत होते, सलामीच्या वेळी पाहत तसे. फक्त मिशीचं एक टोक हलत होतं.

विटा अण्णासाहेबांच्याच होत्या, त्या त्यांच्या नव्या गोठ्याला लागल्या. कोनशिला मात्र जागची हलवायची नाही असं त्यांनी बजावलं. सरांनी टेप आणली, सगळं ग्राउंड चार फूट सरकवून आखलं, आणि चौथरा बरोबर उत्तरेच्या गोलाचा डावा खांब झाला. उजवा बांबूचा. अण्णासाहेब एकदा बघायला आले. सर म्हणाले, "तुमच्या नावावर बॉल आपटला की पोरं म्हंत्यात, अण्णांनी वाचिवलं." अण्णासाहेब खूश झाले. पुढे ते सामन्यांना येऊन बसू लागले आणि चौथऱ्याला बॉल लागला की चहूकडे बघू लागले.

दर संमेलनात ते लक्झेंबर्गच्या आगमनाची घोषणा करत. पासष्ट साली आम्ही मिरजेच्या एका शाळेला एक-शून्यने हरवलं. एवढंच. जिंकलेली मॅच एका वाक्यात संपते.

सदुसष्टच्या डिसेंबरात भूकंप झाला. कोयनेला माणसं गेली. सर त्याच दिवशी मिळेल त्या ट्रकने तिकडे गेले, दहा-बारा दिवसांनी परतले, आणि दुसऱ्या सकाळी ड्रिलला उभे राहिले. आमच्या शाळेच्या तीन वर्गांना तडे गेले. सभागृहाला काहीही झालं नाही, कारण ते नव्हतं.

एकोणसत्तरला सर निवृत्त झाले. त्यांचा सत्कार टळणं शक्य नव्हतं. अण्णासाहेब पाऊण तास बोलले, त्यात सरांबद्दल पाच मिनिटं. सरांनी फेटा बांधून घेतला, नारळ घेतला, तिथेच पायरीवर फोडला आणि संघातल्या मुलांना खोबरं वाटलं. म्हणाले, "कपाटात एक हाय की तिकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर शाळेत आलो. नवे ड्रिलमास्तर कबड्डीचे होते, ते अजून यायचे होते. ग्राउंडवर शेवाळे सर एकटेच होते. हाफ पँटला तीच धार, बुटांना खडू, डोक्यावर कालचा फेटा, हातात फक्कीची बादली. वाकून वाकून ते रेषा आखत होते. कोपऱ्यापासून निघालेली पांढरी रेघ सरळ चौथऱ्याकडे चालली होती.

"सर, आता कशाला?" मी विचारलं. "सुटलात की तुम्ही."

"टीम कवा बी यील मास्तर," ते न थांबता म्हणाले. "आली तर लाईनी नगं व्हय?"

थट्टा होती की नव्हती, ते त्यांच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. रेघ मात्र सरळ होती.

मी मध्यंतरी गावी जाऊन आलो. ग्राउंड मोकळं आहे, मुलं खेळतात. डावा खांब तोच आहे, बॉल लागून लागून अण्णासाहेबांचं अर्धं नाव गेलंय. लक्झेंबर्गचा संघ अजून आलेला नाही.